सतरा एकांचे बिराजदार

बिराजदार सर मला कधी आवडले नाहीत. ते गेल्याचं कळलं तेव्हा बायकोनं विचारलं, घरी भेटून यायचं का. मी नको म्हणालो. माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलं आठवायची आपल्याकडे पद्धत आहे. मी दोन-तीन दिवस तसा प्रयत्नही केला. जे आठवलं ते लिहितोय. त्यात चांगलं किती निघतं ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी सोलापूरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला लागलो. बिराजदार सर तिथं गणित विभागाचे प्रमुख. उंच, काटकुळे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि एप्रिलच्या उन्हातसुद्धा मनगटापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट. मुलाखतीच्या वेळी बाकीचे लोक माझं शिक्षण, गाव, घरचं विचारत होते. बिराजदार खिडकीबाहेर बघत होते. शेवटी त्यांनी मान न वळवता विचारलं, "एक्याण्णव प्राइम आहे का?"

मी घाबरलेला होतो. दोननं जात नाही, तीननं जात नाही, पाचनं नाही. मी "हो" म्हणालो.

"सात तेरे?" ते म्हणाले आणि पुन्हा बाहेर बघायला लागले.

तरीही मला नोकरी मिळाली, कारण प्राचार्यांना घाई होती. पण बिराजदारांनी ते सोडलं नाही. पुढं कितीतरी वर्षं ते मला नावानं हाक मारत नसत. शिपायाला सांगत, "त्या एक्याण्णवला बोलव." शिपाई येऊन म्हणायचा, "देशमाने सर, तुमास्नी बोलावलंय," आणि हसू दाबायचा. पहिल्या वर्षी मीही हसलो. दुसऱ्या वर्षी हसायचं थांबवलं. त्यांना दोन्हीचं काही वाटलं नाही.

ते अक्कलकोटकडचे. घरी भुसाराचं दुकान आणि शेती. ते सगळं भाऊ बघायचा. बायको गावी भावाच्या कुटुंबात राहायची आणि हे शनिवारी दुपारच्या एस.टी.नं तिकडं जायचे. सोलापुरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत कॉलेजातलं कुणी कधी गेलेलं नव्हतं. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असे. बरोबर खडू असायचा, तोही स्वतःचा, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलेला. कुणी मागितला तर "ऑफिसात मिळतो" म्हणायचे. रागवायचे मराठीत, प्राचार्यांशी इंग्रजीत बोलायचे, आणि हिशेब कन्नडमध्ये करायचे. भिंतीकडे तोंड करून ओठांत "ओंदु, एरडु, मूरु" चालू असलं की त्या बाजूला कुणी फिरकायचं नाही.

वर्गात त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. एखाद्या पोराचं उत्तर जुळलं पण रीत चुकली असली की ते म्हणायचे, "उत्तर बरोबर आहे. तुम्ही चूक आहात." हे ते शांतपणे, आवाज न चढवता म्हणायचे. सांगोल्याकडची, मंगळवेढ्याकडची पोरं खाली बसताना बाकाला धरून बसायची.

प्राचार्यही सुटले नव्हते. एका स्नेहसंमेलनात ते भाषणात रंगले. यंदा आपल्या कॉलेजात एक हजार एक विद्यार्थी आहेत, ते म्हणाले, आणि ही आपली एकजूट अशी आहे की तिला कशानंच भाग जाणार नाही. पहिल्या रांगेतून बिराजदारांचा आवाज आला, "सात, अकरा, तेरा." मागच्या पोरांना आधी कळलं नाही. मग गणिताच्या पोरांनी गुणाकार केला आणि हशा मागून पुढं येत गेला. प्राचार्यांनी ते भाषण कसंबसं संपवलं. त्यानंतर बिराजदारांच्या कागदावर ते न वाचता सही करायचे. वाचून काही विचारावं, तर समोरून काय येईल याचा भरवसा नव्हता. ही गोष्ट पुढं एकीला महागात पडली, म्हणून सांगतोय.

आता त्यांच्या संख्येबद्दल.

गणित मंडळाचं दर वर्षी सप्टेंबरात एक व्याख्यान व्हायचं आणि ते बिराजदारच द्यायचे. विषयही तोच. ते फळ्यावर ओळीनं सतरा एक लिहायचे. मग तिच्याभोवती फिरल्यासारखं बोलायचे. ही उलटी वाचली तरी हीच. अंकांची बेरीज सतरा, म्हणजे तीननं भाग जात नाही. चारनं भागली तर बाकी तीन उरते, म्हणून ही कुणाचा वर्ग नाही. दोन एकांची संख्या अकरा, ती मूळ. तीन एक लिहिले तर सदतीसनं भाग जातो. चार लिहिले तर एकशे एकनं. एकांची मोजणीच जर संयुक्त असेल तर संख्या फुटणारच. तेव्हा विचार करायचा तो पाच, सात, अकरा, तेरा, सतरा अशा मोजणीचा. पाच फुटते, सात फुटते, अकरा आणि तेराही फुटतात. हे सगळं ते कागद न बघता, भाजकांसकट सांगायचे. मग सतराशी येऊन थांबायचे.

त्या वेळी ते वेगळे दिसायचे हे मला मान्य केलं पाहिजे. आवाज खाली यायचा. या संख्येला भागणारी कुठलीही मूळ संख्या घ्या, ते सांगायचे, तिच्यातून एक वजा करा, उरलेल्याला चौतीसनं भाग गेलाच पाहिजे. म्हणजे वाटेल तिथं हात घालायचा नाही. चौतीसच्या पाढ्यात एक मिळवत जायचं, त्यातल्या मूळ नसतील त्या गाळायच्या. एकशे तीन, एकशे सदतीस, दोनशे एकोणचाळीस, अशा पुढं. रोज सकाळी कॉलेजला यायच्या आधी ते त्यातल्या थोड्या तपासत. पोरांच्या उत्तरपत्रिकांचे कोरे कागद त्यात जात. असं त्यांचं माझ्या आधीपासून चाललं होतं आणि ते पावणेचार लाखांच्या पुढं पोचले होते. एकही भाजक लागला नव्हता. संख्या मूळ आहे असं हातानं सिद्ध करायचं तर साडेदहा कोटींपर्यंत जावं लागलं असतं. हे त्यांना ठाऊक होतं.

व्याख्यानाच्या शेवटी ते खडू कागदात गुंडाळून खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, "कुणी तोडणार असेल तर फळा मोकळा आहे." कुणी उठायचं नाही. मग ते असं बघायचे, की जणू तुम्हाला तोडता येणार नाही हे ऐकण्यासाठीच सगळ्यांना बोलावलं होतं.

पद्मा येमूल आमच्या विभागात आली ती कोल्हापूरहून एम.एस्सी. पहिल्या वर्गात होऊन. शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातली मुलगी. वडील आधी हातमागावर होते, मग अक्कलकोट रोडला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी थोडे यंत्रमाग टाकले होते. मागांच्या खडखडाटात वाढल्यामुळं तिचा आवाज मोठा होता. बोलणं तेलुगूच्या चालीवर आणि भरभर. पहिल्याच दिवशी बिराजदारांनी तिला एक्याण्णवचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "नाही. सात गुणिले तेरा. दुसरं काही विचारा की, सर." मी भिंतीशी उभा होतो. मला फार बरं वाटलं, आणि लगेच काळजीही वाटली.

दोन वर्षं तिला कायम करायचं नव्हतं. तशी पद्धतच होती. दोन वर्षांनी प्रमुखानं अहवाल द्यायचा, त्यावर संस्था ठरवणार. बिराजदारांनी त्या दोन वर्षांत तिला सगळ्यात मोठे वर्ग दिले, जेवणानंतरचे तास दिले, आणि तास चालू असताना मागच्या दारानं येऊन शेवटच्या बाकावर बसायला सुरुवात केली. तास संपल्यावर काही बोलायचे नाहीत. तसेच उठून जायचे. एकदा तिनं थेट विचारलं, "सर, काय चुकतंय?" तर म्हणाले, "ते तुम्हाला दिसत नसेल तर सांगून काय उपयोग?"

खरं सांगायचं तर तिचं चुकत होतं. ती फळ्याकडे तोंड करून लिहायची, तीन पायऱ्या मनात करायची, आणि खेड्यातली पोरं माना खाली घालून नुसतं उतरवून घ्यायची. हे मलाही दिसत होतं. पण एवढं चांगलं डोकं आपल्या विभागात आलंय, त्याला दोन शब्द सांगावेत असं प्रमुखाला वाटायला हवं होतं. त्यांनी दोन वर्षं फक्त पाहिलं.

दुसरं वर्ष संपताना पद्माचे वडील स्टाफरूममध्ये आले. पोरीला न सांगता आले असावेत, कारण ती तासावर आहे याची त्यांनी दारातच खात्री केली. धोतर, टोपी, हातात वर्तमानपत्रात बांधलेली चादर. बिराजदारांच्या खुर्चीमागं ते उभे राहिले. खुर्ची वळली नाही, म्हणून भिंतीच्या बाजूला गेले.

"सर, आमची पोरगी लई कष्ट केली," ते म्हणाले. "घरात कोन शिकलं न्हाय. जरा बघा की. आमच्या मागावरची चादर हाय ही. तुमच्यासाठी."

बिराजदारांनी कागद सोडला. चादर उलगडून काठ पाहिला, वीण पाहिली. मला वाटलं, घेणार. मग म्हणाले, "चादर चांगली आहे. तुमच्या मुलीला गणित येतं. शिकवता येत नाही. चादरीनं येणार आहे का?"

येमूलांनी चादरीची घडी घातली, आधी होती तशीच. वर्तमानपत्र फाटलं होतं, म्हणून ती तशीच काखेत घेतली आणि सगळ्यांना नमस्कार करून गेले. स्टाफरूममध्ये आम्ही सात-आठ जण होतो. एकानंही तोंड उघडलं नाही.

पद्माला हे संध्याकाळी घरी कळलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याशी सुद्धा बोलली नाही.

त्या मे महिन्यात पुण्याला काँप्युटर शिकवण्याचा एक उन्हाळी वर्ग होता. तिनं जायची परवानगी मागितली तर बिराजदार म्हणाले, मशीनला गणित येत नसतं. सुट्टी तिची होती, ती गेली. जूनमध्ये परत आली तेव्हा दिवसभर गप्प होती. सायकलस्टँडजवळ मला गाठून म्हणाली, "देशमाने सर, तुटली."

मला वाटलं सायकलची चेन. ती म्हणाली, "सतरा एकांची संख्या."

पुण्याच्या मशीनवर सराव म्हणून प्रत्येकानं एक प्रोग्रॅम लिहायचा होता. तिनं हाच लिहिला: चौतीसच्या पाढ्यात एक मिळवत जायचं आणि भाग जातो का बघायचं. प्रोग्रॅमची कार्डं भोकं पाडून मशीनमध्ये दिली आणि सगळे चहाला गेले. परत आली तोवर कागदावर उत्तर छापून आलं होतं. भाजक वीस लाखांच्या थोडा पुढं होता. बिराजदार ज्या वेगानं चालले होते त्या वेगानं त्यांच्या हयातीत तिथं पोचले नसते.

मी तिला सांगितलं, नोकरी कायम होईपर्यंत हे कुणाला बोलू नको. तिनं मान हलवली, आणि खरंच बोलली नाही. पण ऑगस्ट संपताना हेडक्लार्कनं मला बाजूला घेऊन सांगितलं, बाईंचा अहवाल गेला. कायम करू नये अशी शिफारस आहे. प्राचार्यांनी वाचलाही नाही, सही केली. मी पद्माला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. आता मोकळी."

सप्टेंबरचं व्याख्यान नेहमीसारखंच झालं. सतरा एक, अकरा, सदतीस, एकशे एक, सगळं. शेवटी खडू गुंडाळून खिशात गेला. फळा मोकळा आहे, बिराजदार म्हणाले. बायकांच्या बाजूनं पद्मा उठली.

ती चालत पुढं गेली, टेबलावरचा ऑफिसचा खडू घेतला आणि सतरा एकांच्या खाली दोन संख्या लिहिल्या. २०७१७२३. ५३६३२२२३५७. मधे गुणिलेचं चिन्ह. खडू ठेवला आणि बाजूला उभी राहिली.

बिराजदारांनी तिच्याकडे पाहिलं नाही. खिशातून खडू काढला, कागद सोडून टेबलावर ठेवला, आणि गुणाकाराला सुरुवात केली. ओळीखाली ओळ. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. मागं दोन पोरं कुजबुजली तर ते थांबले, वळले नाहीत, कुजबुज संपल्यावर पुढं लिहायला लागले. सगळ्या ओळी झाल्यावर बेरीज उजवीकडून केली. पहिला अंक एक आला. दुसरा एक. आम्हाला त्यांचा आवाज ऐकू येत होता: "ओंदु... ओंदु... ओंदु." शेवटच्या एकापर्यंत तो आवाज जराही हलला नाही.

"कुठून आणलं?" त्यांनी विचारलं.

"पुण्याच्या मशीनवर, सर. प्रोग्रॅम मी लिहिला."

"हे दोन्ही प्राइम आहेत?"

"पहिला आहे. सगळ्यात लहान भाजक आहे, म्हणजे असणारच. दुसऱ्याचं बघायला वेळ मिळाला नाही."

"म्हणजे माहीत नाही."

"नाही, सर."

मला वाटलं, आता ते तिला बसवणार. 'उत्तर बरोबर आहे' पासून सुरू होणारं ते वाक्य येणार याची मी वाटच बघत होतो. पण ते फळ्याकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "दुसराही प्राइम आहे."

"कशावरून?" पद्मानं विचारलं. अगदी बिराजदार वर्गात विचारायचे तसं.

ते फळ्याकडे तोंड करूनच बोलले. ही दुसरी संख्या फुटायची असेल, तर तिचा एक तरी भाजक त्र्याहत्तर हजारांच्या आसपास किंवा त्याच्या आत असलाच पाहिजे. त्याच्यापुढं तिचं वर्गमूळच संपतं. आणि या दुसरीला जो भागेल तो वरच्या मोठ्या संख्येलाही भागणार. "त्र्याहत्तर हजारांपर्यंतचे सगळे मी तपासलेत," ते म्हणाले. "एकही लागत नाही. म्हणून ही प्राइम आहे. हे मी कितीतरी वर्षांपूर्वीच करून ठेवलंय. कशासाठी करतोय ते ठाऊक नव्हतं."

मला त्या क्षणी त्यांचा राग करता आला नाही, हे लिहून ठेवतो. पद्मासुद्धा त्यांच्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. तिनं तोडलेली संख्या पुरती तुटली हे त्या हॉलमध्ये फक्त ते एकटे सांगू शकत होते, आणि तिनं मांडेपर्यंत त्यांनाही ते कळलेलं नव्हतं.

कुणीतरी टाळी वाजवली. बिराजदार वळले. "टाळ्या कशाला?" ते म्हणाले. डस्टर घेऊन त्यांनी सगळा फळा पुसला, सतरा एकांसकट, आणि व्याख्यान संपलं असं सांगून निघून गेले.

मला वाटलं होतं, आता काहीतरी बदलेल. दोन दिवस वाट बघून मी त्यांच्याकडे गेलो. अहवाल अजून संस्थेच्या बैठकीत गेला नव्हता. त्यांनी एक ओळ लिहून दिली असती तर परत आला असता. मी तसं सांगितलं. बिराजदारांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"तिचं शिकवणं दोन दिवसांत सुधारलं का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, सर, एवढी हुशार मुलगी जाईल.

"हुशार आहे असं मी अहवालात लिहिलंय. शिकवता येत नाही असंही लिहिलंय. यातलं खोटं कुठलं ते सांगा, एक्याण्णव."

मी त्यांना एवढंच म्हणालो की तुम्ही माणसाला माणूस म्हणून कधी बघणार आहात की नाही. त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली. आमचं त्यानंतर कामापुरतंही नीट बोलणं झालं नाही.

पद्मा दिवाळीच्या सुट्टीआधी गेली. तिच्या जागी वर्षभर कुणी मिळालं नाही आणि तिचे सगळे वर्ग बिराजदारांनी स्वतः घेतले. जेवणानंतरचे, शंभर-शंभर पोरांचे. मी व्हरांड्यातून जाताना एकदा थांबलो. पोरांकडे तोंड करून ते एकेक पायरी सांगत होते, मागच्या बाकावरच्याला विचारत होते, त्याला येईपर्यंत पुढं जात नव्हते. नंतर पोरंच मला सांगायची, सर, आता कळतंय की. हेही मी त्यांच्या विरुद्धच धरतो. इतकं चांगलं येत होतं, तर त्या मुलीला एकदा दाखवायला काय हरकत होती?

सप्टेंबरचं व्याख्यान पुन्हा झालं नाही. विचारलं तर म्हणायचे, विषय संपला. सकाळचं त्यांचं ते काम बंद पडल्याचं लोक म्हणायचे. मी चौकशी केली नाही. एक-दोन वर्षांत ते निवृत्त झाले. निरोपसमारंभ त्यांनी घेऊ दिला नाही. कुणी फारसा आग्रहही केला नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते सत्तरचं दशक सरता सरता. पद्मा हैदराबादहून भावाच्या लग्नासाठी आली होती. तिकडं तिला एका कंपनीत मशीनवरच काम मिळालं होतं आणि ते तिला मानवलं होतं. पत्रिका द्यायला ती आमच्या घरी आली, आणि परत जाताना मी तिला सात रस्ता चौकापर्यंत सोडायला निघालो. दुपार होती. समोरून बिराजदार येत होते. तोच पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं, फक्त शर्ट आता अंगावर मोठा झाला होता. मी बाजूनं जाऊ म्हणत होतो, पण पद्मा सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"कुठं असता?" त्यांनी विचारलं. ओळखायला त्यांना क्षणही लागला नव्हता.

तिनं हैदराबाद सांगितलं, काम सांगितलं.

"शिकवत नाही?"

"नाही, सर."

"बरं केलंत," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात कसला आनंद नव्हता, टोमणाही नव्हता. मला मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. पद्मा खाली वाकली, आणि बिराजदारांनी झटकन पाय मागं घेतले. नको नको असा एक हातही केला. त्यांच्या आयुष्यात कुणी त्यांच्या पाया पडत असेल असं मला वाटत नाही.

"पाया पडत नाहीये, सर," पद्मा खालूनच म्हणाली. "चपलेचा अंगठा निघालाय."

मी हसणार होतो. पण बिराजदार तो हात तसाच आडवा धरून उभे राहिले, बाजूनं रिक्षा, सायकली, टांगे जात होते, आणि ते हलले नाहीत. पद्मानं पदराची पिन काढली, अंगठा ओढून लावला, पाय टेकून पाहिला. ती सरळ उभी राहिल्यावर त्यांनी हात खाली घेतला.

"चालेल घरापर्यंत?" त्यांनी विचारलं.

"चालेल," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि रस्ता ओलांडून गेले. पद्मा दुसऱ्या बाजूला वळली, जपून पाय टाकत. दोघांनीही मागं पाहिलं नाही.